दुपारपर्यंतचा दक्षिण थायलंड

रात्री दोनच्या सुमाराला त्रांगकडच्या एखाद्या आडरस्त्याने गेलं, तर दोन्ही बाजूंच्या काळोखात दिवे हलताना दिसतात. दोन-चार पावलं, जरा थांबणं, पुन्हा दोन-चार पावलं. रबराचा चीक काढायला निघालेली ही माणसं. कपाळाला बॅटरी, हातात वाकड्या टोकाची सुरी, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, कारण बागेत साप असतात आणि डासही. सालीतल्या बारीक नळ्यांमध्ये रात्रीच्या गारव्यात दाब टिकून राहतो. ऊन चढलं की तो उतरतो आणि वाहता चीक लवकर थिजतो. म्हणून हे काम रात्रीचंच.

थायलंडच्या दक्षिणेकडचे चौदा प्रांत तिथल्या लोकांसारखे फिरायचे असतील, तर हे घड्याळ आधी डोक्यात बसवावं लागतं. फुकेट आणि क्राबीच्या किनाऱ्यांवर दिवस दहाला उगवतो आणि मध्यरात्री मावळतो. उरलेल्या दक्षिणेत तो उजाडायच्या आत सुरू होतो, दुपारी दोनपर्यंत निम्म्याहून जास्त आवरलेला असतो, आणि संध्याकाळी पाच-सहाला गावाबाहेर जाणारी शेवटची व्हॅन निघून गेलेली असते. आपल्याकडून गेलेल्यांचे जे हाल होतात ते बरेचसे यातूनच. नऊला उठायचं, अकराला बाहेर पडायचं आणि मग इथे काही मिळतच नाही म्हणून कुरकुरायचं.

रबराचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथला पैसा, सुट्ट्या आणि बाजाराची गर्दीसुद्धा बरीचशी त्याच्यावर हलते. थायलंड हा नैसर्गिक रबराचा जगातला सगळ्यात मोठा उत्पादक, आणि हे झाड देशात पहिल्यांदा लावलं गेलं ते त्रांग प्रांतातल्या कन्तांगला, १८९९ साली. तिथले चिनी वंशाचे प्रांताधिकारी फ्राया रत्सदानुप्रदित यांनी ते आणवलं. लावल्यापासून साधारण सात वर्षांनी झाड कापायला येतं आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं चालतं. अर्ध्या बुंध्याला वळसा घालणारी तिरकी खाच, वरून डावीकडून खाली उजवीकडे. दर वेळी त्या खाचेच्या कडेची जेमतेम दीड मिलिमीटर साल तासायची. हात जड पडला आणि सुरी आतल्या थराला लागली की त्या जागी साल गाठाळून येते, आणि नवी साल धरल्यावर तिथे पुन्हा खाच नीट पाडता येत नाही. चांगला कापणारा कोण, हे सकाळी भरलेल्या बादल्यांवरून कळत नाही. दहा वर्षांनी झाडाकडे बघून कळतं.

कापून झालं की थोडी विश्रांती, मग बादली घेऊन तीच फेरी दुसऱ्यांदा, वाट्यांतला चीक गोळा करत. काहीजण तो द्रवरूपातच गावातल्या खरेदी केंद्रावर देतात. शीट करायची असेल तर उथळ ट्रेमध्ये साधारण तीन लिटर चीक, दोन लिटर पाणी आणि वरून पाण्यात विरवलेलं फॉर्मिक आम्ल. पाऊण तासात ते दह्यासारखं लागतं. मग दाबून पातळ करायचं, आधी गुळगुळीत रुळांतून आणि शेवटी खाचदार रुळांतून काढायचं. खाचांमुळे पृष्ठभाग वाढतो आणि शीट लवकर वाळते. रस्त्याकडेच्या घरांसमोर बांबूवर पांढुरकी फडकी वाळत घातल्यासारखी दिसतात ती हीच. ज्यांना एवढा खटाटोप नको, ते वाटीतच आम्ल टाकून चीक गोठू देतात आणि ते गोळे विकतात. या गोळ्यांचे ट्रक जातात तेव्हा मागे आंबूस, नाकातून न जाणाऱ्या वासाचं पाणी ठिबकत जातं. स्कूटरवर असाल तर अशा ट्रकच्या मागे अजिबात राहू नका. वासापेक्षा त्या पाण्याने होणारा निसरडेपणा वाईट, त्यातही वळणावर.

मालक आणि कापणारा वेगळे असतील तर उत्पन्नाची वाटणी ठरलेली असते. अर्धी-अर्धी, किंवा साठ-चाळीस. साल ओली असेल तर चीक खाचेतून न उतरता बुंध्यावर पसरतो आणि वाया जातो, म्हणून पावसाच्या रात्री काम बंद. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं तांबडी होऊन गळतात, तेव्हाही झाडाला विश्रांती. म्हणजे वर्षातले कित्येक दिवस बिनकमाईचे. त्या दिवसांत आठवडी बाजारातली गर्दीही पातळ होते. सिंधुदुर्गात दोडामार्गाच्या बाजूला केरळी शेतकऱ्यांनी लावलेल्या रबराच्या बागा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

रात्रभर राबून आलेल्या माणसाला सकाळी सहाला जड जेवण लागतं, आणि दक्षिणेची खरी खाद्यसंस्कृती या एका गरजेभोवती उभी आहे. त्रांग शहरातली न्याहारी यात सगळ्यांत पुढे. चिनी चहाघरं पहाटे पाचच्या आसपास उघडतात. टेबलावर न मागता वाफवलेल्या डिमसमच्या छोट्या ताटल्या येऊन पडतात. घाबरायचं कारण नाही, ज्यांना हात लावला तेवढ्यांचेच पैसे. सोबत त्रांगचं भाजलेलं डुक्कर. पंचमसाला आणि गोडसर पाकात मुरवून अख्खं भट्टीत सोडतात, वरची कातडी काचेसारखी कुरकुरीत होते, आणि ते वजनावर तोडून मिळतं. आठनंतर उरतो तो चरबट भाग. कॉफी कापडी गाळणीतून ओतलेली, काळीकुट्ट, कपाच्या तळाशी आटवलेल्या गोड दुधाचा थर. ढवळायची की नाही हे आपलं आपण ठरवायचं. बरोबर फिक्या चहाची किटली फुकट.

मुसलमान वस्त्यांमध्ये, म्हणजे सातुन, क्राबीचा किनारा, सोंगख्लाचा दक्षिण भाग इकडे, सकाळ रोटीची असते. मैद्याचा गोळा तेलात मुरवलेला, ओट्यावर आपटून-आपटून कागदासारखा पातळ केलेला, घडी घालून तव्यावर. तिखट रश्शाबरोबर किंवा साखर आणि आटवलेलं दूध घालून. शाकाहारी माणसाने इथे ‘अंडं नको’ एवढं आधीच सांगून ठेवावं. हात इतका चटकन चालतो की मागाहून सांगून उपयोग नसतो.

दुपारच्या आतलं जेवण म्हणजे भात-रश्श्याची दुकानं. काचेच्या कपाटात किंवा उघड्या ट्रेमध्ये पंधरा-वीस प्रकार मांडलेले, बोट दाखवायचं, भातावर एक-दोन वाढून मिळतात. ४० ते ६० बाट, एक बाट सध्या अडीच-तीन रुपयांचा धरा. उत्तरेच्या मानाने हे जेवण जास्त तिखट, हळद सढळ, आणि बँकॉकच्या हॉटेलांतला गोडवा जवळपास नाही. केंग सोम नावाचा पिवळा रस्सा म्हणजे हळद, मिरची, लसूण, कोळंबीची आंबवलेली पेस्ट आणि मासा. नारळाचं दूध नाही. आंबटपणा येतो तो सुकवलेल्या एका फळाच्या चकत्यांतून. हे झाड आपल्या कोकमाच्याच कुळातलं, मँगोस्टीनही त्याच घरातलं. केंग ताय प्ला हा माशांच्या आंबवलेल्या आतड्यांचा रस्सा. वासाला थबकू नये, पण पहिल्या दिवशी चमचाभरच घ्यावा. खुआ क्लिंग म्हणजे सुका खिमा. मिरचीचा जाळ घशात नाही, कानात जाणवतो.

प्रत्येक टेबलावर कच्च्या पाल्याचं ताट मात्र फुकट असतं, आणि तिखट उतरवायला ते असतंच म्हणून ठेवलेलं. काकडी, चवळीच्या लांब शेंगा, तुळशीच्या जातीचे पाले, आणि काजूची कोवळी तांबूस पालवी. कोकणात काजू एवढा असून आपण त्या पालवीकडे बघतही नाही. चव तुरट, किंचित आंबट, रश्शाबरोबर फार छान. सातोरच्या हिरव्या बिया उग्र वासाच्या, आवडल्या तर पुन्हा-पुन्हा घ्याव्यात. लूक नियंग नावाची तपकिरी गोल बी मात्र जपून. कच्च्या स्वरूपात जास्त खाल्ली तर तिच्यातल्या आम्लाचे स्फटिक लघवीच्या मार्गात जमून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. गावातले लोक एक-दोन चघळतात आणि थांबतात. तेच करावं.

हलकं काही हवं असेल तर खाव याम. गार भात, कधी गोकर्णाच्या फुलांनी निळा केलेला, त्यावर भाजलेलं खोबरं, सुक्या कोळंबीचा कूट, बारीक चिरलेला गवती चहा, लिंबाची पानं, मोड आलेले मूग, शेंगा, पपनस किंवा कैरी. वर बुदू, म्हणजे आंबवलेल्या माशांचा गडद रस, पामच्या गुळाबरोबर उकळलेला. हे सगळं आधी नीट कालवायचं. वरवरून खाल्लं तर सगळ्या चवी सुट्या-सुट्या राहतात आणि लोकांना वाटतं, यात काय एवढं.

शुद्ध शाकाहारी माणसासाठी एक गोष्ट कळीची. साध्या भाजीतही माशाचा रस आणि कोळंबीची पेस्ट असते, ‘भाजी’ म्हणून मागून सुटका नाही. शोधायचा तो पिवळ्यावर लाल अक्षरांचा झेंडा. त्यावरची दोन अक्षरं आपल्याला १७ या इंग्रजी आकड्यासारखी दिसतात. त्याचा उच्चार ‘जे’. इथे मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. चिनी मंदिरांच्या आसपास अशी एक-दोन दुकानं बहुतेक शहरांत असतात, आणि तीही दुपारी एक-दीडला भांडी घासायला काढतात. चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत फुकेट आणि त्रांगमध्ये या झेंड्यांनी रस्तेच्या रस्ते पिवळे होतात. पुष्कळ वर्षी ते दिवस आणि आपलं नवरात्र एकाच सुमाराला येतं. कांदा-लसणाशिवाय जेवणाऱ्याला दक्षिणेत जायला यापेक्षा सोयीचा काळ नाही. फुकेटला त्या मिरवणुकांत गालातून सळया आरपार घातलेली माणसं चालतात, ते बघवत असेल तर.

आता फिरणं. गावातल्या गावात सोंगथेव, म्हणजे मागे समोरासमोर दोन बाकं आणि वर छप्पर घातलेली पिकअप गाडी. रंगावरून मार्ग कळतो, पण फलक बहुधा थाई लिपीत, म्हणून चढायच्या आधी चालकाला ठिकाणाचं नाव सांगून मान हलते का ते पाहावं. उतरायचं आलं की छताला लावलेलं बटण दाबायचं, खाली उतरून चालकाच्या केबिनच्या खिडकीशी पैसे द्यायचे. गावात वीसेक बाट. चढताना भाडं विचारलं की आपण नवखे आहोत हे कळतं, आणि मोकळी गाडी असेल तर ‘तुम्हालाच घेऊन जातो’ असा सौदा सुरू होतो. त्यापेक्षा शेजारी बसलेली बाई किती देते ते बघावं आणि तेवढेच द्यावेत. सुटे २० आणि ५०च्या नोटा लागतात. हजाराची नोट काढली तर गाडीतले सगळे आपल्याकडे बघतात. परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त कापून घेतं, म्हणून थोडे-थोडे काढण्याची सवय इथे महागात पडते.

त्रांगला बेडकाच्या तोंडासारख्या पुढच्या भागाच्या जुन्या तीनचाकी टुकटुक अजून आहेत. उंच माणसाने आत शिरताना डोकं सांभाळावं. मोटरसायकलवाले नाक्यावर क्रमांकाची जाकिटं घालून बसतात, जवळच्या अंतराला तेच बरे.

शहरा-शहरांत व्हॅन. हात याय या शहरापासून सोंगख्ला ३० किलोमीटर, पाऊण तास. हात याय ते त्रांग दीडशेच्या आसपास, अडीच तास. त्रांग ते क्राबी दोन तास. व्हॅनला सामानाची जागा जवळपास नसते. मोठी बॅग एक सीट अडवते आणि त्या सीटचे पैसे द्यावे लागतात, यात फसवणूक काही नाही. चालक वाटेत फाट्यावर उतरवतो. म्हणून गावाचं नाव नुसतं न सांगता फाट्याचं किंवा मोठ्या देवळाचं नाव सांगावं. मागच्या सीटवर ज्यांना गाडी लागते त्यांनी बसू नये, घाटाचा रस्ता आणि चालकाचा उत्साह दोन्ही तिथे जास्त जाणवतात. फुकेट आणि क्राबीला रेल्वे नाही, तिथे व्हॅन किंवा बसला पर्याय नाही. जिथे रूळ आहेत तिथे मात्र ते सोडून रस्त्याला का जावं हे कोडंच आहे.

कारण इथली साधी पॅसेंजर गाडी ही एक चैन आहे, फक्त स्वस्त. मीटरगेज, उघड्या खिडक्या, वर पंखे, तिसरा वर्ग. ऐंशी-नव्वद किलोमीटरला वीसेक बाट. आरक्षण नाही, तिकीट निघायच्या थोडं आधी खिडकीवर. नखोन सी थम्मरात, फत्थालुंग, हात याय या शहरांना जोडणाऱ्या या गाड्या शाळकरी मुलं, बाजाराला निघालेल्या बायका आणि त्यांच्या करंड्या यांच्यासाठी धावतात, म्हणून त्यांचं वेळापत्रकही दिवसाउजेडीचं. विकणारे डब्यातून फिरतात. चिकट भात आणि तळलेली कोंबडी, उकडलेले शेंगदाणे, फळांच्या फोडी. पूर्वेकडच्या खिडकीशी सकाळी ऊन येतं आणि शटर ओढलं की वारा जातो. दक्षिणेकडे जाताना सकाळच्या गाडीत उजवी बाजू धरावी.

उशीर होतोच. चुम्फोनपर्यंत आता दुहेरी मार्ग झाला आहे, त्याच्या खाली एकेरी. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला एखाद्या फलाटावर वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं, आणि एक गाडी रेंगाळली की तिच्यामागे सगळ्या. जोडगाड्यांमध्ये दोन तासांचं अंतर ठेवलं तर जीव शांत राहतो. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं आणि चालता माणूस जागीच उभा राहतो. आपणही राहावं. तिकिटावर वर्ष बुद्धशकाचं असतं, ५४३ वजा केले की आपलं. १ जुलै १९१८ला ही लाइन पाडांग बेसारला मलायाच्या रुळांना मिळाली, आणि आजही हात यायहून दिवसाला दोन छोट्या गाड्या सरहद्दीपर्यंत जातात, ५० बाट. दोन्ही देशांचे शिक्के एकाच स्टेशनात. मलेशियाचं घड्याळ एक तास पुढे आहे, पुढची गाडी धरताना हे विसरलं की चुकतेच.

बँकॉकहून रात्रीच्या गाडीने येणाऱ्यांनी खालचा बर्थ घ्यावा. महाग असतो, पण रुंद असतो आणि खिडकी त्याच्या वाट्याला येते. वातानुकूलित डब्यात शाल हवीच. सुरत थानी स्टेशन शहरात नाही, १२-१३ किलोमीटर अलीकडे फुनफिनला आहे. पहाटे उतरलात तर लगेच ‘बेटाची शेवटची सीट’ विकणारे भेटतात, पण स्टेशनबाहेर बोटवाल्या कंपन्यांच्या खिडक्या आणि शहराची बसही असते. या शहराला १९१५ साली राजा सहावा राम याने आपल्या सुरतेवरून नाव दिलं, आणि तिथल्या नदीला तापीचं. भुसावळकरांनी पुलावरून जाताना खिडकीशी जावं. पाणी तसंच गढूळ आहे.

हात याय हे जंक्शनचं गाव, रुळांमुळेच वाढलेलं. स्टेशनसमोरच्या तीन समांतर निफात उथित रस्त्यांना लोक नुसतं एक, दोन, तीन म्हणतात. शुक्रवार-शनिवारी मलेशियाहून गाड्याच्या गाड्या भरून येतात आणि खोल्यांचे भाव चढतात. मलेशियातल्या शाळांच्या सुट्टीत तर खोलीच मिळत नाही. रविवार ते गुरुवार ठीक.

पावसाबद्दल एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे: इथे दोन किनारे आहेत आणि दोघांचा पावसाळा वेगळा. अंदमान समुद्राची बाजू, म्हणजे रानोंग, फुकेट, क्राबी, त्रांग, सातुन, आपल्याच नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत भिजते, मे ते ऑक्टोबर. रानोंगचे लोक आठ महिने पाऊस आणि चार महिने ऊन असा हिशेब सांगतात. थायलंडच्या आखाताची, म्हणजे पूर्वेची बाजू, म्हणजे सामुई बेट, नखोन, सोंगख्ला, ईशान्येच्या वाऱ्यांत भिजते, ऑक्टोबर अखेरीपासून डिसेंबरपर्यंत, नोव्हेंबरात सगळ्यात जास्त. आपल्याकडचे लोक दिवाळीची सुट्टी धरून सामुईला जातात आणि खोलीत बसतात, ते यामुळे. दिवाळीत पश्चिम किनारा बघावा, जून-जुलैत पूर्व. सिमिलान बेटं तर मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत सरकार बंदच ठेवतं. फेब्रुवारी-मार्च दोन्ही बाजूंना कोरडा.

हा नोव्हेंबरचा पाऊस नुसता भिजवत नाही. हात याय खोलगट जागी आहे, डोंगरांचं पाणी शहरातून सोंगख्लाच्या सरोवराकडे जातं. २०००, २०१० आणि २०२५ या तिन्ही वर्षी नोव्हेंबरात शहर बुडालं. मधल्या काळात खोदलेल्या वळण-कालव्याने बरेच पूर अडवले, २०२५चा मात्र त्याच्या ताकदीबाहेरचा होता. नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे असलात तर नगरपालिकेच्या झेंड्यांचा रंग विचारत राहावा. लाल लागला की सामान वरच्या मजल्यावर आणि तिकीट गाव सोडायचं. १९८८च्या नोव्हेंबरात नखोन प्रांतात डोंगर उतारावरून चिखल, पाणी आणि तोडलेले ओंडके एकदम खाली आले, गावं गाडली गेली. उताराचं जंगल काढून रबर लावल्याने माती धरणारी मुळंच उरली नव्हती. त्यानंतर १९८९ला देशभर जंगलतोडीवर बंदी आली. त्या वेळी झोडपलेलं खिरिवोंग गाव आज पुन्हा उभं आहे, आणि त्याची बाग बघण्यासारखी, कारण तिथे एकच पीक नाही. डुरियन, मँगोस्टीन, लोंगकोंग, सातोर सगळं एकमेकांच्या सावलीत. नखोन शहरातून सोंगथेव जाते, परतीची शेवटची किती वाजता हे उतरतानाच त्याच चालकाला विचारावं. मँगोस्टीन घेताना अंगठ्याने दाबून पाहावं. सालीला किंचित लवचिकपणा हवा, दगडासारखी असेल तर आत पिवळा कडू चीक उतरलेला असण्याची शक्यता जास्त. तळाच्या पाकळ्या मोजल्या की आतल्या फोडी तेवढ्याच.

फत्थालुंगला उतरणारे परदेशी कमी, हेच त्याचं सुख. स्टेशनातूनच शेंड्याजवळ आरपार भोक असलेला डोंगर दिसतो. तिथून ताले नोय ३०-३५ किलोमीटर. १९७५ला थायलंडचं पहिलं शिकारबंदी क्षेत्र झालेलं हे उथळ सरोवर. पहाटे सहाला बोट धरली तर गुलाबी कमळं उघडी मिळतात. दहानंतर ती मिटतात, आणि याबद्दल बोटवाल्याशी वाद घालणारे दर हंगामात भेटतात. फेब्रुवारी ते एप्रिल फुलांचा काळ. पाण्यात डोकं बुडवून चरणाऱ्या म्हशींच्या इथल्या पालनपद्धतीला २०२२मध्ये जागतिक कृषी वारशाचा दर्जा मिळाला. काठच्या गावांत लव्हाळ्याच्या चटया विणतात. लव्हाळा उपटून पांढऱ्या चिखलात बुडवतात, उन्हात वाळवतात, मग जड रोलरखाली चेपतात. चिखलाशिवाय वाळवला तर तो ठिसूळ होऊन विणताना मोडतो. याच प्रांतात सावलीच्या चामडी बाहुल्यांचा खेळ चालतो, नांग तालुंग. सुरुवातीला ऋषी येतो, मग नंदीवर बसलेला शंकर, आणि पुढे सगळी रात्र गावरान विनोद. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी हा खेळ चुकवू नये. भाषा कळली नाही तरी विदूषक कळतात.

किनाऱ्यावर जायचं तर कन्तांग. थुंग सोंगहून फुटलेला फाटा इथे संपतो, स्टेशनची पिवळी लाकडी इमारत १९१३ची. पुढे हात याव धक्क्यावरून लिबोंग बेटाला लांब शेपटीची बोट, अर्ध्या तासाच्या आत. ट्रकचं इंजिन लांब दांड्यावर बसवलेलं, आवाज भयंकर, म्हणून मागे न बसता मधे बसावं. बोटीच्या पुढच्या टोकाला बांधलेल्या रंगीत फिती बोटीच्या देवीच्या, त्यांच्यावर पाय ठेवू नये. ओहोटी खोल असेल तर बोट धक्क्यापर्यंत येत नाही, गुडघाभर पाण्यातून सामान डोक्यावर घेऊन चालावं लागतं. भरतीची वेळ बघून निघालं की हे टळतं, आणि चाकाची बॅग मुळात नेऊच नये.

दहाव्या चांद्र महिन्याच्या वद्य पंधरवड्यात, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या पितृपक्षातच, नखोन सी थम्मरातला पितर घरी येतात. प्रतिपदेला यायचं, अमावास्येला परत जायचं. त्यांच्यासाठी पाच प्रकारची पक्वान्नं. त्यातलं खनोम ला म्हणजे तांदळाच्या पिठाचं गोड धिरडं, छिद्रांच्या भांड्यातून धार सोडून तव्यावर केसासारखं बारीक विणलेलं, पितरांचं वस्त्र म्हणून. बँकॉकला कामाला गेलेली माणसं या दिवसांत घरी येतात. त्यामुळे बर्थ, व्हॅन आणि खोल्या, तिन्हींची टंचाई. महिनाभर आधी तिकीट काढावं.

पत्तानी, याला, नराथिवात हे तीन प्रांत आणि सोंगख्लाचे त्यांना लागून असलेले तालुके वेगळे मोजावेत. २००४पासून तिथे सशस्त्र संघर्ष आहे, रस्त्यांवर तपासनाके आहेत, आणि बऱ्याच प्रवासविम्यांतून हा भाग वगळलेला असतो. पॉलिसी वाचल्याशिवाय जाऊ नये. स्कूटरबद्दलही तेच. आपला आंतरराष्ट्रीय परवाना मोटरसायकलसाठी शिक्का मारलेला नसेल तर अपघातानंतर विमा हात वर करतो, आणि ठेव म्हणून पासपोर्ट कधीच देऊ नये. देशात शिरायच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ खरं नव्हे.

एवढं करूनही शेवटची व्हॅन चुकली, तर दोन मार्ग. मोठ्या स्टेशनांसमोर साधी जुनी हॉटेलं असतात, तिथे राहून सकाळी सहाला न्याहारी गाठावी. किंवा रेल्वे. लांब पल्ल्याच्या गाड्या दुपारी-संध्याकाळी हात याय सोडतात आणि रात्री फत्थालुंग, थुंग सोंगवरून जातात. बर्थ मिळाला नाही तरी बसायची जागा बहुधा निघते. फलाटावरच्या माणसाला जायचं ठिकाण सांगितलं की तो कोणत्या डब्याशी उभं राहायचं ते हाताने दाखवतो.